नवी मुंबईच्या नकाशात शेजारी कुठे आहे?

"सर, फुल नेम सांगता का? ॲग्रीमेंटसाठी लागेल."

एजंटचा हा प्रश्न आला की माझा आवाज आपोआप थोडा खाली येतो. त्याआधीच्या वीस मिनिटांत सगळं ठरलेलं असतं. फ्लॅट बघून झालेला असतो, भाडं आणि डिपॉझिट ठरलेलं असतं. "तुमच्यासारखी आयटीवाली फॅमिलीच ओनरला हवी आहे," हेही ऐकून झालेलं असतं. मी मराठीत बोलतो, पगाराची स्लिप व्हॉट्सॲपवर पाठवतो. मग नाव सांगतो. पलीकडे दोन सेकंद शांतता. "सर, एक मिनिट होल्ड करा हां." संध्याकाळी निरोप येतो, "ओनरचं काही नाही सर, ओनर एकदम चांगले आहेत. सोसायटीचा प्रॉब्लेम आहे."

खारघरमध्ये तीन महिन्यांत माझ्यासोबत हे सात वेळा झालं. तुमच्यापैकी अनेकांसोबत झालं असेल. त्यामुळे रडगाणं गायला मी हे लिहीत नाही. मला भांडायचं आहे. पण एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडून काही होत नाही, हे सातव्या वेळेपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं. माझं भांडण या शहराशी आहे, ज्यांनी ते बांधलं त्यांच्याशी आहे आणि शेवटी थोडं आपल्याशीही आहे.

कारण मला नाकारणाऱ्या त्या सात इमारतींपैकी एक इमारत आमच्या जुन्या भातशेतीपासून अर्ध्या किलोमीटरवर उभी आहे. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, तळोज्याच्या बाजूच्या एका गावचे शेतकरी. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांची जमीन घ्यायचं सरकारने ठरवलं, त्यांपैकी ते एक गाव. जमीन गेली तेव्हा सातबाऱ्यावर दादांचंच नाव होतं. ते नाव वाचून कुणी "एक मिनिट होल्ड करा" म्हटलं नाही. जमीन घेताना आमचं नाव चाललं. घर देताना चालत नाही. हा हिशोब मला मांडायचा आहे.

खाडीकाठी शहर कसं उभं राहिलं

शाळेत आपल्याला एक वाक्य शिकवलं जातं. नवी मुंबई हे जगातल्या सर्वांत मोठ्या नियोजित शहरांपैकी एक. इथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. मी इथे शिकलो, इथे नोकरीला लागलो. मुंबईहून आलेल्या मित्रांना पाम बीच रोडवरून फिरवताना माझीही छाती फुगते. म्हणून आधी या शहराचं जे खरोखर चांगलं आहे ते सांगतो.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकात एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबट वाढत चालली आहे. सगळ्या नोकऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि माणसं उत्तरेला, त्यामुळे रोज लाखो लोक एकाच दिशेने लोकलमध्ये कोंबले जातात. त्यापेक्षा खाडीच्या पूर्वेला, मुख्य भूमीवर दुसरं शहर बांधा आणि सरकारी कचेऱ्या, बाजार, उद्योग तिकडे हलवा. पाच वर्षांनी, १७ मार्च १९७० रोजी, सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतला सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा पट्टा नव्या शहरासाठी ठरला. सुमारे वीस लाख लोकांची सोय करायचं स्वप्न होतं.

हा पट्टा नकाशावर बघा. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचे डोंगर, दक्षिणेला पनवेलची खाडी आणि उरण. मधली बरीच जमीन खाजणाची. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून इथल्या आगरी-कोळ्यांनी पिढ्यान् पिढ्या मातीचे बांध घातले, बांधांना उघाड्या ठेवल्या आणि खाऱ्या जमिनीत भात पिकवला, मीठ पिकवलं. पुढे शहर वसवताना इंजिनिअरांनी काय केलं? भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर वसलेल्या भागांसाठी धारण तलाव खोदले आणि त्यांना झडपांची दारं बसवली. भरती असताना दार बंद, ओहोटीला पाणी खाडीत. डच पद्धत म्हणून तिचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण उघाडीचं तत्त्व आमच्या गावातल्या अंगठेबहाद्दर माणसालाही ठाऊक होतं.

एका महानगराभोवती सगळं न कोंबता वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, खारघर, कळंबोली अशी एकूण १४ उपनगरं आखली गेली. त्यांना इथे 'नोड' म्हणतात. प्रत्येक नोडला स्वतःची शाळा, बाजार, बाग, स्टेशन. १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवर पूल झाला. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आले, लोखंडबाजार कळंबोलीला गेला. माथाडी कामगारांसाठी कोपरखैरणे, घणसोलीकडे घरं झाली. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल आली. त्याच वर्षी १ जानेवारीला नवी मुंबई महापालिका अस्तित्वात आली होती. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंट सोडून आलं नाही ते नाहीच. तरीही २०११ च्या जनगणनेत एकट्या महापालिकेच्या हद्दीत अकरा लाखांवर माणसं होती. पनवेलकडचे नोड त्यात धरलेले नाहीत.

म्हणजे या शहरात पाणी कुठून येईल, मैला कुठे जाईल, किती माणसांमागे किती बाग हवी, हे सगळं मोजलेलं आहे. भरतीच्या पाण्याचाही विचार झालेला आहे. विचार झाला नाही तो एकाच गोष्टीचा. वेगवेगळ्या जातीधर्माची लाखो माणसं इथे आणून सोडली, तर ती शेजारी म्हणून राहतील यासाठी कुठला नियम असेल? कागदावर असा नियमच नाही. आणि जिथे नियम नसतो, तिथे सेक्रेटरीची मर्जी हाच नियम होतो.

किंमत कुणी मोजली

ही जमीन रिकामी नव्हती. आगरी, कोळी, कराडी, आदिवासी, दलित आणि आम्ही कोकणी मुसलमान, सगळे इथे होतो. पनवेल हे जुनं बंदराचं गाव. पनवेल, उरण, तळोजे या भागात मुसलमानांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. शेती केली, भाताचा व्यापार केला, गलबतं चालवली. घरात बोलली जाणारी कोकणी आणि शेजारच्या आगरी घरातली बोली एकमेकांना कळायला दुभाषा लागत नव्हता.

१८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली, 'सार्वजनिक हितासाठी', ही जमीन घेतली गेली. शेतीच्या भावाने घ्यायची, रस्ते-गटारं करून शहराच्या भावाने विकायची आणि त्या पैशातून शहर उभारायचं, असं ते गणित होतं. शहर उभारणीच्या दृष्टीने गणित हुशारीचं होतं. फक्त त्यात स्वस्तातली बाजू शेतकऱ्याच्या वाट्याला आली. ज्यांचं पोट खाडीच्या पाण्यावर होतं, त्या मच्छीमारांच्या नावावर तर सातबाराच नव्हता. नुकसानभरपाईच्या हिशोबात जागा मिळवायलाच त्यांना झगडावं लागलं. न्हावा-शेवा बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याच्या लोकांना ज्या जागेवर वसवलं, तिथे वाळवीने घरं पोखरली. हनुमान कोळीवाड्याचं ते दुखणं अनेक दशकं चाललं.

जासईचे दि. बा. पाटील या लढ्याचे नेते. शेतकरी कामगार पक्षाचे आमदार, खासदार, विरोधी पक्षनेते. त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून 'साडेबारा टक्के' आले. म्हणजे ज्याची जमीन गेली, त्याला त्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत. योजना प्रत्यक्षात यायला १९९० उजाडलं. पुढे विमानतळासाठी दहा गावं उठवली तेव्हा हा आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला. तोही फुकट मिळाला नाही, लढूनच मिळाला.

हा इतिहास आपल्या तरुणांना माहीत नसतो याचं मला वाईट वाटतं. आपल्याला वाटतं हा 'आगऱ्यांचा' लढा. अब्बा सांगतात की त्या काळात गावागावातून जासईला जाणाऱ्या टेम्पोत आमच्या मोहल्ल्यातले लोकही बसायचे. मागणी एकच होती, कारण नोटीस एकाच कचेरीतून आली होती. जून २०२१ मध्ये विमानतळाला दि. बांचं नाव द्यावं म्हणून हजारो लोकांनी बेलापुरात सिडकोवर धडक दिली, तेव्हा मी माझ्या ऑफिसातल्या मित्रांना विचारलं, दि. बा. कोण ते माहीत आहे का? चौघांपैकी दोघांना माहीत नव्हतं. त्या दोघांत एक मुसलमान होता आणि तो पनवेलचा होता.

मालक कोण?

आता मुद्द्यावर येतो. खासगी मालकीचं घर कुणाला द्यायचं हा मालकाचा प्रश्न, असं आपल्याला ऐकवलं जातं. नवी मुंबईत हे वाक्य पुरतं खरं नाही.

सिडको ही राज्य सरकारच्या संपूर्ण मालकीची कंपनी आहे. तिने जमीन विकलेली नाही, भाडेपट्ट्याने दिलेली आहे. साठ वर्षांचा पट्टा ही इथली जुनी पद्धत. बिल्डर असो, सोसायटी असो की फ्लॅटवाला, सगळे या पट्ट्याच्या अटींवर उभे आहेत. भूखंडावर काय बांधायचं, किती मुदतीत बांधायचं, वापर कसला करायचा, हे सगळं पट्ट्यात लिहिलेलं असतं. फ्लॅट विकायचा तर सिडकोची परवानगी आणि हस्तांतरणाचं शुल्क लागतं. बाल्कनी बंद केली तर नोटीस येते.

म्हणजे या जमिनीवर अटी घालायचा अधिकार सिडकोकडे आहे आणि ती तो रोज वापरते. मग "या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कुठल्याही इमारतीत धर्म, जात किंवा खाण्यापिण्याच्या कारणावरून कुणाला घर नाकारता येणार नाही," ही एक ओळ पट्ट्यात लिहायला अडचण काय आहे? संविधानाचं कलम १५ शासनाला धर्माच्या नावावर भेदभाव करू देत नाही. शासनाने शेतकऱ्याकडून सक्तीने घेतलेली जमीन, शासनाच्या कंपनीने दिलेला पट्टा, आणि त्यावर उभ्या इमारतीत राजरोस भेदभाव. यात शासन नामानिराळं कसं राहू शकतं?

सिडको जेव्हा स्वतः घरं वाटते, तेव्हा सोडत काढते. संगणक नाव वाचून दार बंद करत नाही. २०१८ मध्ये १४,८३८ घरांची सोडत निघाली, तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका ड्रायव्हरला तळोज्यात घर लागलं. तो मुसलमान आहे, त्याच्या खालच्या मजल्यावर माथाडी कामगार राहतो, समोर एक नर्स. तीनही घरांत गणपती, ईद आणि नाताळचं ताट फिरतं. त्यांना कुणी 'सर्वधर्मसमभाव' शिकवायला गेलं नव्हतं. सोडतीने शेजारी आणले, पुढचं त्यांनी बघून घेतलं. भेदभाव सुरू होतो तो पुढच्या व्यवहारात, जेव्हा घर विकायला किंवा भाड्याने द्यायला निघतं आणि तिथे बघणारं कुणी नसतं.

डोंगराच्या पलीकडे

बघणारं कुणी नसलं की काय होतं, ते बघायला फार लांब जायला नको. ऐरोली-घणसोलीच्या मागे पारसिकचा डोंगर. अलीकडे नियोजित शहर, पलीकडे मुंब्रा.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुसलमान कुटुंबं जीव मुठीत धरून घर सोडून निघाली. वाशीची लोकल तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. नवी मुंबईत रुंद रस्ते होते, रिकामे भूखंड होते, सरकारी नियोजन होतं. तरी मोठ्या संख्येने लोक गेले ते मुंब्र्याला. घरं स्वस्त होती हे एक कारण. 'आपल्या' लोकांत सुरक्षित वाटत होतं हे दुसरं. काही हजारांचं गाव बघता बघता काही लाखांचं झालं. पाणी, गटारं, शाळा, दवाखाना, सगळं माणसांच्या मागून धावत आलं आणि अजून पोचलेलं नाही.

मी मुंब्र्याला नावं ठेवत नाही. तिथल्या मुलींनी कॉलेजं भरून टाकली आहेत आणि तिथल्या लोकांनी स्वतःच्या हिमतीवर शहर चालवलं आहे. माझा राग वेगळा आहे. घाबरलेल्या माणसाला जागा द्यायची वेळ आली तेव्हा वीसेक वर्षं आखलेलं शहर उपयोगी पडलं नाही, न आखलेलं गाव उपयोगी पडलं. आणि नंतर याच शहरातले लोक डोंगराकडे बोट दाखवून म्हणतात, "बघा, तुमचे लोक आपल्याच वस्तीत राहतात."

नेहमीची तीन उत्तरं

"आमची सोसायटी शाकाहारी आहे." हे वाक्य खाडीच्या काठावर उभं राहून म्हणायचं! ज्या जमिनीवर तुमचा टॉवर आहे, तिथे बोंबील वाळत होते. चिंबोऱ्या आणि निवट्या धरून या मातीतल्या बायकांनी पोरं वाढवली. तुम्ही शाकाहारी असा, मी तुमच्या दारात मासळी साफ करायला येणार नाही. पण भूमिपुत्राचं जेवण त्याच्याच जमिनीवर निषिद्ध ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? हा नियम लागला की आधी मुसलमान बाहेर, मग कोळी बाहेर, मग दलित बाहेर. आम्ही फक्त रांगेत पहिले आहोत.

"सुरक्षेचा प्रश्न आहे." सुरक्षेसाठी भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची सोय आहे. ती सगळ्यांची द्या. माझीही द्या. माझं पॅन कार्ड, आधार, ऑफिसचं पत्र, सगळं घ्या. नाव वाचून माणूस ओळखता आला असता तर बँका बुडवून पळालेल्यांना कुणी घर दिलं नसतं.

"कोर्टानेच परवानगी दिली आहे." इथे थोडं नीट बोलायला हवं, कारण हे उत्तर शिकलेले लोक देतात. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या बाजूने निकाल दिला. फक्त पारशांनाच सभासदत्व, हा त्यांचा उपविधी न्यायालयाने मान्य केला. मला तो निकाल पटत नाही, पण आहे तो आहे. मात्र त्यात दोन गोष्टी आहेत. एक, तिथे तो उपविधी लेखी होता. इथल्या सोसायट्यांच्या उपविधीत मुसलमानाला घर देऊ नये असं एक अक्षर नाही. इथे सगळं फोनवर, कुजबुजत. दोन, कायदा बदलायचा असेल तर ते विधिमंडळाचं काम आहे, असंच न्यायालयाने म्हटलं. मग विधिमंडळाला जाब विचारायला आपण कधी गेलो?

आणि आहे तो कायदाही आपण वाचलेला नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २३ सांगतं की पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. कलम २२ प्रमाणे अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. भाडेकरूंना ही कलमं लागत नाहीत, हे खरं. पण आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी मागावी लागत नाही, आधी कळवावं लागतं. म्हणजे "सोसायटीचा प्रॉब्लेम आहे" हे वाक्य बहुतेक वेळा कायद्यात बसत नाही. मालक घाबरतो, एजंट आपलं कमिशन वाचवतो आणि आपण "जाऊ दे" म्हणतो.

आता थोडं आपल्याशी

हे "जाऊ दे" मला सगळ्यात जास्त खुपतं. सातवा नकार आल्यावर माझ्या एका चुलतभावाने सल्ला दिला, "अरे, आपल्या लोकांच्या बिल्डिंगमध्ये घे ना. कशाला मागे लागतोस त्यांच्या?" त्याची काळजी खरी होती. पण आपल्या लोकांच्या बिल्डिंगमध्ये काय चालतं, तेही बघा. तिथे यूपी-बिहारच्या मुसलमानाला 'भय्या' म्हणून नाकारतात. एकट्या राहणाऱ्या मुलीला नाकारतात. बौद्ध कुटुंब घर बघायला आलं तर आपलेच चाचा म्हणतात, "नको, माहौल बिघडतो." मग सोसायटीच्या त्या सेक्रेटरीत आणि आपल्या चाचांत फरक काय राहिला? भेदभावाविरुद्ध बोलायचं असेल तर आधी आपल्या घराचा भाडेकरार उघडून बघावा लागेल.

दुसरं, आपण जमीनही सांभाळली नाही. आमच्या घराण्याला साडेबारा टक्क्यांतला भूखंड मिळाला. चार भावांत वाटणी, त्यातून भांडणं, मग एका बिल्डरचा प्रतिनिधी चहा प्यायला आला आणि भूखंड गेला. त्याला आम्ही रोख पैसे मोजत बसलो. आज तिथे बारा मजली इमारत आहे. हा दोष सरकारचा नाही, आमचा आहे. आगरी समाजातही हे घडलं आणि तिथले तरुण त्यावर उघड बोलतात. आपण बोलत नाही.

तिसरं, आपण सोसायटीच्या सभेला जात नाही. ज्यांना घर मिळालं आहे त्यांच्याविषयी बोलतोय. वार्षिक सभेत बसणं, हिशोब विचारणं, कमिटीवर उभं राहणं आपल्याला कटकट वाटते. मग कमिटीत जे बसतात, तेच नियम करतात.

काय मागायचं, काय करायचं

हे सगळं आत्ता का लिहितो आहे? कारण पुन्हा एक शहर आखलं जातंय. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्यांच्या पलीकडे पेण-पनवेल-उरणमधली १२४ गावं नव्या शहरासाठी घोषित झाली आहेत. कागदावर त्याचं नाव कर्नाळा-साई-चिरनेर, लोकांच्या तोंडी 'तिसरी मुंबई'. तिथले शेतकरी आपल्या जमिनीसाठी हरकती घेत आहेत, मोर्चे काढत आहेत. पन्नास वर्षांपूर्वी जो कागद लिहिताना शेजाऱ्याचा विसर पडला, तो कागद पुन्हा लिहिला जातोय. या वेळी आपण तिथे असायला हवं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सिडको असो की एमएमआरडीए, सार्वजनिक जमिनीच्या प्रत्येक नव्या पट्ट्यात भेदभावबंदीची अट हवी. जुन्या पट्ट्याचं हस्तांतरण किंवा मुदतवाढ होताना तीच अट घालावी. अट मोडणाऱ्या सोसायटीला दंड हवा आणि तक्रार कुठे करायची ते लिहिलेलं हवं. राज्याने घरभाड्यातल्या भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा. हे मागताना फक्त मुसलमानांसाठी मागू नका. दलितांसाठी, एकट्या बायकांसाठी, तृतीयपंथीयांसाठी, ईशान्येकडून आलेल्या मुलांसाठी मागा. आपण एकटे रांगेत उभे राहिलो तर ते 'अल्पसंख्याकांचं लाड करणं' ठरेल. सगळे मिळून उभे राहिलो तर तो नागरिकांचा हक्क ठरेल.

आणि आपण स्वतः काय करायचं? नकार लेखी मागा. फोनवर "नाही" म्हटलं तर मेसेज करून विचारा, "कोणत्या नियमाने नाही?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही, पण तो मेसेज जपून ठेवा. घर विकत घेत असाल तर सभासदत्वाचा अर्ज पोच घेऊन द्या आणि तीन महिने मोजा. सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करा. तिसऱ्या मुंबईच्या गावांत ज्या सभा होत आहेत, त्यांत जाऊन बसा. तुमच्याकडे लॅपटॉप आहे, नकाशे वाचता येतात, सरकारी इंग्रजी कळतं. त्या शेतकऱ्याला त्याच्या हरकतीचा अर्ज लिहून द्या. उद्या तुमच्या घरासाठी तोच बोलेल.

हे मी हवेत बोलत नाही. सात टॉवरनी नाकारल्यावर मला घर दिलं ते गावठाणातल्या एका आगरी मावशींनी. प्रकल्पग्रस्तांच्या वाढत्या कुटुंबांनी गावठाणात बांधलेली जी घरं आहेत, त्यांना इथे 'गरजेपोटीची घरं' म्हणतात आणि सरकारदरबारी ती वर्षानुवर्षं अनधिकृत आहेत. मावशींनी माझं पूर्ण नाव ऐकलं आणि दोनच प्रश्न विचारले. "पाणी सकाळी सहाला येतं, उठशील ना?" आणि "म्हावरं खाता ना रे? मी बुधवारी करते."

आम्ही तिथे दोन वर्षं राहिलो. माझी मुलगी त्यांच्या ओट्यावर चालायला शिकली. आखीवरेखीव शहरात मला एकच दार उघडं मिळालं आणि ते सरकारच्या कागदावर बेकायदेशीर होतं. मावशींच्या घराला अजून नोटिसा येतात. पुढच्या वेळी गरजेपोटीच्या घरांसाठी बेलापुरात मोर्चा निघेल, तेव्हा मी रजा टाकून जाणार आहे. तुम्हीही या.